गृहशिक्षण आणि ख्रिस्ती जीवनदृष्टी : सीमाभागाच्या इतिहासाची साक्ष

मुलांस शाळेत न घालता घरीच शिकवावे आणि त्यासाठी ख्रिस्ती जीवनदृष्टीवर आधारलेला अभ्यासक्रम निवडावा, असा विचार अलीकडे काही ख्रिस्ती पालक करू लागले आहेत. बेळगाव-निपाणी भागातील पाळकांसही ह्याविषयी सल्ला विचारला जातो. मुलांच्या मनावर देवाच्या आज्ञा बिंबविण्याचे काम प्रथम आईबापांचे आहे, हे अनुवादाच्या सहाव्या अध्यायावरून स्पष्टच आहे. त्याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो पुस्तकांचा. कोणती पुस्तके मुलांच्या हाती द्यावी आणि कोणत्या भाषेत द्यावी? मंडळीच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार उभा राहिला असल्यामुळे प्रथम इतिहासाकडे वळणे इष्ट होय.

इ. स. ३६२ मध्ये रोमी सम्राट जूलियन ह्याने ख्रिस्ती शिक्षकांस ग्रीक वाङ्मय शिकविण्याची मनाई केली. तेव्हा अपोलिनारिस नावाच्या पितापुत्रांनी पवित्र शास्त्रातील विषय महाकाव्यांच्या व संवादांच्या साच्यात ओतून स्वतंत्र ख्रिस्ती पाठ्यपुस्तकेच तयार केली. पुढच्याच वर्षी जूलियन मरण पावला, मनाई उठली आणि ती पुस्तके लवकरच विस्मृतीत गेली. मंडळीने जपून ठेवला तो संत बसिल ह्यांचा तरुणांस केलेला उपदेश. मधमाशी फुलांतून निवडून मध घेते, तसे परक्या वाङ्मयातून ग्राह्य तेवढे घ्यावे, असे त्यांचे सांगणे होते. संकटकाळी उभारलेली भिंत पडली आणि पारख करण्याची शिकवण टिकली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. लंडन मिशनरी सोसायटीचे रेव्ह. जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले. त्या मिशनने चालविलेल्या शिक्षणकार्याची आठवण बेनन-स्मिथ हायस्कूलच्या नावात राहिली आहे. मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यांत बाबा पदमनजी हे एक होते. १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेल्या ह्या मुलाचे घर धर्मनिष्ठ हिंदूंचे होते. व्रतवैकल्ये आणि पोथ्यापुराणे ह्यांत त्याचे बालपण गेले. पुढे मुंबईत फ्री चर्चची शाळा आणि परमहंस सभेतील मंडळींचा सहवास त्यास लाभला. ह्या सर्वांतून वाट काढीत १८५४ मध्ये त्याने ख्रिस्ताचा स्वीकार केला, आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांचे दुःख मराठी वाचकांपुढे मांडले. शेजाऱ्यांची पोथी आणि शेजाऱ्यांचे दुःख ज्यास आतून ठाऊक होते, त्याच्याच हातून हे लेखन झाले. केवळ ख्रिस्ती मुलांसाठी बेतलेल्या पुस्तकांवर तो वाढला असता, तर ते झाले असते काय?

ह्याच काळात निपाणीहून जवळ असलेल्या कोल्हापुरात ह्या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. १८५२ मध्ये तेथे आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर शाळांस सुवार्ताकार्याचे प्रमुख साधन मानीत व त्या सर्व समाजासाठी चालवीत. त्यांच्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. शाळा देशी भाषेत असाव्या आणि त्या मुख्यतः मंडळीच्या उभारणीसाठी असाव्या, असे त्यांचे मत होते. मतभेद विकोपास गेला. वाइल्डर ह्यांनी १८६१ मध्ये मिशन शाळांच्या समर्थनार्थ ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बोर्डाशी संबंध तुटल्यावर कोल्हापुरातील काम स्वतंत्रपणे चालविले. पुढे १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. ह्या वादात दोन्ही पक्षांजवळ सत्याचा अंश होता, असे आज म्हणावे लागते. भाषेविषयी अँडरसन ह्यांचा आग्रह योग्य होता. शाळेचे दार सर्वांस उघडे ठेवण्याविषयी वाइल्डर ह्यांचा.

गृहशिक्षणाचे प्रत्यक्ष उदाहरण हवे असल्यास पंडिता रमाबाईंचे घ्यावे. आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंस आईनेच संस्कृत शिकविले. आईबापांची जीवनदृष्टी ठाम होती. बाहेरच्या जगाचा स्पर्श नको, संस्कृतवाचून दुसरी भाषा नको, असा त्यांचा कटाक्ष होता. त्या शिक्षणाने रमाबाईंस विद्वत्ता दिली, परंतु ज्या चौकटीत मुलीस राखावयाचे होते ती चौकट काही टिकली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाल्यावर लहान मनोरमेच्या धार्मिक शिक्षणाचा प्रश्न रमाबाईंपुढे उभा राहिला. तेथील भगिनींचा लोभ होता, शिस्त होती, श्रद्धा तर होतीच. तरीही आपली मुलगी आपल्या लोकांत परकी होऊ नये, तिने त्यांच्यातीलच एक म्हणून वाढावे, हे रमाबाईंनी निक्षून सांगितले. साध्या लोकांस कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात ज्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, त्यांच्या दृष्टीने विश्वास आणि लोकभाषा ह्यांची फारकत होणे शक्यच नव्हते.

परदेशांतून येणाऱ्या तयार अभ्यासक्रमांकडे ह्याच दृष्टीने पाहावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ व १९६३ मध्ये सरकारी शाळांतील प्रार्थना व शास्त्रवाचन घटनाबाह्य ठरविले. त्यानंतरच्या दशकात तेथे खासगी ख्रिस्ती शाळा व त्यांचे पाठ झपाट्याने वाढले. त्या पुस्तकांत ग्राह्य काहीच नाही असे नव्हे. परंतु ती त्या देशातील वादास दिलेले उत्तर आहेत. आपला प्रश्न निराळा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेल्यापासून येथे भाषेवरून मने दुभंगली आहेत. अशा ठिकाणी मराठी ख्रिस्ती मूल केवळ इंग्रजी पाठांवर वाढले, तर आजीबरोबर मराठीत प्रार्थना करणे त्यास जड जाईल, आणि कन्नड शेजाऱ्यावर त्याच्या भाषेत प्रीती करणे तर दूरच राहील. शिवाय निपाणीसारख्या गावी दिवसभर विड्या वळणाऱ्या आईस घरी बसून शिकविण्याची सवड कोठून मिळणार? गृहशिक्षण हा सवड असलेल्यांचाच धर्म ठरू नये, ह्याचा विचार मंडळीने केला पाहिजे.

कायद्याची बाजूही पालकांनी आधी नीट समजून घ्यावी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे. घरी शिकून पुढे परीक्षा देऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ह्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेची वाट आहे. परंतु मार्ग कोणताही निवडला तरी पुस्तक हाती घेताना काही गोष्टी तपासाव्या. हे पुस्तक कोणाच्या प्रश्नास उत्तर देते? त्यात तुकाराम, बसवेश्वर आणि जोतीराव फुले ह्यांस प्रामाणिक स्थान आहे काय, की केवळ खंडनासाठी त्यांची नावे येतात? विज्ञानाचा पाठ भयाने लिहिला आहे की सृष्टिकर्त्यावरील विश्वासाने? मूल मराठीत प्रार्थना करील आणि कन्नड वाचील अशी सोय त्यात नसेल, तर ती उणीव घर व मंडळी मिळून कशी भरून काढणार?

ख्रिस्ती जीवनदृष्टी ही छापील संचातून आयती मिळणारी वस्तू नव्हे. सायंकाळच्या कुटुंबप्रार्थनेत आणि आईबापांच्या व्यवहारात ती मुलास दिसते. जे मूल शाळेत जाते त्याच्याही घरी हे शिक्षण झालेच पाहिजे, आणि जे घरी शिकते त्याच्या घराचे दार शेजाऱ्यास उघडेच असले पाहिजे. शब्द देही झाला तो नासरेथ गावात, तेथील लोकांची बोली बोलत वाढला. आपल्या मुलांचे शिक्षण ह्याहून निराळ्या मार्गाने व्हावे, असे मानण्यास आपणांजवळ आधार नाही.