वाजवा टाळ्या, सुई हलू दे!

ओव्हरकोट काढा, मांडीवर घ्या. बाहेर न्यूयॉर्कमध्ये जानेवारीची थंडी हाडांत शिरतेय, पण इथे सीबीएसच्या स्टुडिओत दिव्यांची धग थेट कपाळावर येते. १९५७ सालातला सोमवार आहे, रात्रीचे साडेआठ होत आलेत. शेजारच्या बाईंच्या दमट लोकरी कोटाचा वास पावडरच्या वासात मिसळलाय. पाय जरा जपून ठेवा, जमिनीवर जाडजूड केबली पसरल्यात.

हे लाल केसांचे गप्पिष्ट गृहस्थ म्हणजे आर्थर गॉडफ्री. कार्यक्रम 'टॅलेंट स्काउट्स', खर्च लिप्टन चहाचा. आधी कलाकाराला हेरणारा माणूस येऊन दोन शब्द बोलतो, मग कलाकार. परीक्षक नाहीत, गुणपत्रिका नाही. तुमच्या टाळ्यांचा आवाज यंत्र मोजणार. ज्यांनी गाणं ऐकलं त्यांनीच, तिथल्या तिथे निकाल द्यायचा. मला हा न्याय फार आवडतो. त्याला खोट एकच: चाचणीतच गाळलेला कलाकार तुमच्यापर्यंत पोचत नाही. एल्विस प्रेस्ली असाच परत गेला.

आता हिल्डा हेन्स्ली येतायत. 'मी शोधलेली गायिका' म्हणून ज्या पॅट्सी क्लाइनची ओळख करून देतायत, ती त्यांची पोटची मुलगी आहे. घरच्यांना मनाई असल्याने नातं लपवलंय. पॅट्सीला आईने शिवलेला काउगर्लचा पोशाख घालायचा होता. इथल्या मंडळींनी पार्टीचा झगा घालायला लावलाय. 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' हे गाणंही तिच्या आवडीचं नाही.

पण ऐका! पहिलाच सूर छातीत घुमतो. व्हर्जिनियातल्या विंचेस्टरची ही पोर शब्द ओढते, मध्येच आवाजाला किंचित चीर पाडते, आणि शेजारच्या बाईंचा चुळबुळणारा हात पर्सवरच थांबतो. गाणं संपतं तसा मागच्या रांगांतून गलका उठतो. लाकडी जमीन थरथरते. तुम्हीही वाजवताय, तळवे चुरचुरतायत, थांबवत नाही. तिकडे यंत्राची सुई चढत जाऊन पार टोकाला टेकते.

जिंकली!

या गाण्याची रेकॉर्ड अजून दुकानात आलेली नाही. पुढच्या महिन्यात येईल, कंट्री गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढेल. दिसली की घेऊन टाका.