न्यू इंग्लिश स्कूलचे पहिले वर्ष

१८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल ही मुलांची खाजगी शाळा उघडली, तेव्हा तिच्यापाशी ना स्वतःची इमारत होती, ना सरकारचा आधार. होते ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव. ‘निबंधमाले’च्या या कर्त्याने शाळेसाठी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली होती. यातले धाडस आज कदाचित जाणवणार नाही. पण त्या काळी सरकारी नोकरी म्हणजे जन्माची बेगमी, आणि खाजगी शाळेतील मास्तरकी म्हणजे उद्याची भ्रांत!

बाळ गंगाधर टिळक त्यांना येऊन मिळाले. वय अवघे तेवीस, कायद्याची पदवी नुकतीच हाती आलेली. वकिलीतला पैसा दूर सारून ते मुलांना गणित आणि संस्कृत शिकवू लागले. महादेव बल्लाळ नामजोशी होतेच; पुढे कोशकार म्हणून गाजलेले वामन शिवराम आपटे त्याच वर्षी आले. गोपाळ गणेश आगरकर मात्र एम. ए. च्या अभ्यासात गुंतले होते. ते १८८१ मध्ये दाखल झाले. वेतन तुटपुंजे, तरी शाळा वाढत गेली.

वर्ष सरते न सरते तोच, १८८१ च्या जानेवारीत, या मास्तरांनी ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे काढली. वर्गही त्यांनाच घ्यावयाचे आणि मजकूरही त्यांनीच लिहावयाचा! पुढे याच मंडळींत वेतन आणि बाहेरची कामे यांवरून वाद पेटला, आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्या पहिल्या वर्षी मात्र अशा हिशोबाला कोणालाच सवड नव्हती.