अपघात इथला, विमा कुठला?

३१ मार्च २००९ रोजी चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला भारत-जर्मनी सामाजिक विमा करार लागू झाला. ठरावीक मुदतीसाठी इथे पाठवलेला जर्मन अभियंता मायदेशीच वर्गणी भरणार, त्याला इथला पीएफ नाही. पिंपरीहून तिकडे गेलेल्या भारतीयालाही तीच सवलत. पुढे २०११ मध्ये दक्षिण कोरियाशी आणि २०१६ मध्ये जपानशी असे करार अमलात आले. पण त्यांचा गाभा पेन्शन हा आहे. प्रेसमध्ये हात सापडला तर काय, हे त्यांत सापडत नाही.

त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने करार मंजूर केला : अपघाताची भरपाई परदेशी कामगारालाही देशी कामगाराइतकीच मिळावी, वास्तव्याची अट नसावी. भारताने १९२७ मध्ये, तर जर्मनी आणि जपानने १९२८ मध्ये तो स्वीकारला. १९२३ च्या कायद्याखालच्या १९३५ च्या नियमांनी तर पैशालाही वाट करून दिली. मृत कामगाराचे वारस परदेशी असतील, तर आयुक्तांकडे जमा झालेली रक्कम त्यांच्या देशात धाडायची. परदेशातून आलेली भरपाई इथल्या वारसांना पोचवायची.

त्याच कायद्याच्या १९९५ च्या दुरुस्तीने भारतीय कंपन्यांनी भरती केलेले, परदेशात काम करणारे कामगार आणि वाहनासोबत सीमेपार गेलेले चालक, क्लीनरही कायद्यात आले. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, व्याख्येतही कामावरचा अपघात देशाबाहेर घडला तरी तो कामावरचाच. मात्र २०१७ पासून ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये होती; परदेशी पाठवले जाणारे बहुतेक अभियंते तिच्या वरचे.

जर्मनीत अपघात विमा बिस्मार्कच्या काळापासून, १८८४ पासून आहे. मुदतीवर बाहेर गेलेल्या जर्मन कर्मचाऱ्यामागे तो चाकणपर्यंत येतो. उलट, भारतीय कंपनीने मुदतीवर तिकडे पाठवलेल्याला तो लागू होत नाही. त्याची भिस्त मायदेशच्या कायद्यावर आणि कंपनीने काढलेल्या पॉलिसीवर.

युरोपीय संघाने हा पेच आपल्यापुरता सोडवला आहे. २०१० पासून लागू असलेल्या नियमानुसार जखमी कामगारावर जिथे असेल तिथे उपचार होतात, खर्च त्याचा विमा असलेला देश देतो. भारताच्या पुढच्या करारांत असं कलम यायलाच हवं. चिंचवडच्या फिटरला स्टुटगार्टमध्ये इजा झाली, तर रुग्णालयाचं बिल कोणी भरायचं हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांवर सोडून चालणार नाही.