कर्णनलिकेतील यंत्राची कुळकथा

जे इवलेसे यंत्र आज संगीताचा षौक असलेला मनुष्य लाखभर रुपये मोजून विकत घेतो, अस्तर लावलेल्या डबीत जपून ठेवतो आणि दुसऱ्या तशाच यंत्राशी त्याच्या नादाची तुलना करण्यात सायंकाळच्या सायंकाळ घालवतो, ते मुळात संगीतरसिकासाठी निर्माण झालेलेच नव्हते, ही गोष्ट त्याच्या पूर्वेतिहासाकडे दृष्टी टाकल्याखेरीज ध्यानात येत नाही. तारेच्या टोकाशी बसलेला दूरध्वनीचा कारकून, श्रवणशक्ती क्षीण झालेला वृद्ध, रोग्याच्या ऐकण्याचे माप घेणारा श्रवणतज्ज्ञ आणि रंगमंचावरील गदारोळात स्वतःचाच स्वर हरवून बसलेला वादक, या चौघांच्या निकडीतून हे यंत्र टप्प्याटप्प्याने घडत गेले. रसिक हा त्याचा सर्वांत शेवटचा वारस होय. वारशाबरोबर गुण आले तशी तसदीही आली. म्हणूनच अशा दोन यंत्रांच्या आवाजाची तुलना करू पाहणाऱ्याला त्यांच्या मालकीचा अनुभव बाजूला ठेवता येत नाही, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. कारण आवाज आणि मालकीचा अनुभव या दोहोंचा उगम कर्णनलिका बंद करण्याच्या एकाच युक्तीत आहे.

ही युक्ती वाटते त्याहून पुष्कळ जुनी आहे. एर्नेस्त मेर्काडिए या फ्रेंच अभियंत्याने १८९१ साली अमेरिकेत जे एकस्व मिळविले, त्यातील श्रवणिकांची जोडी डोक्यावर धारण करावयाची होती, तिचे वजन पावणेदोन औंसांहून, म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅमांहून कमी होते, आणि कानात जाणाऱ्या तिच्या टोकांना रबराचे वेष्टन होते. कानाला घर्षण होऊ नये आणि बाहेरचा गलबला आत शिरू नये, अशी दुहेरी कामगिरी त्या रबराकडे सोपविलेली होती. आज सिलिकोनच्या किंवा फोमच्या टोपीकडून आपण हीच दोन कामे अपेक्षितो आणि तिने त्यांतील एकात कसूर केली की दुसरेही बिघडते, हे पाहिले म्हणजे मेर्काडिएच्या दृष्टीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पॅरिसमध्ये १८८१च्या विद्युत्‌प्रदर्शनात क्लेमां आदेर याने संगीतिकेचे स्वर तारेवरून आणून श्रोत्यांच्या दोन्ही कानांशी पोचविले होते खरे. परंतु तेथे श्रवणिका हातात धरून कानाला लावावयाची असे, आणि श्रोता व नाद यांच्यामध्ये सभोवतालची हवा राहतच होती.

यंत्राचे हृदय मात्र दुसरीकडे तयार होत होते. अमेरिकेतील यूटा प्रांतात राहणाऱ्या नॅथॅनिएल बाल्डविन याने स्वतःच्या स्वयंपाकघरात बनविलेल्या श्रवणिका १९१०च्या सुमारास अमेरिकेच्या आरमाराकडे परीक्षणार्थ रवाना केल्या आणि त्या इतक्या संवेदनशील ठरल्या की आरमाराने त्यांची मागणी नोंदविली. त्यांत जी रचना होती तिला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. लोखंडाची एक पातळ पट्टी चुंबकाच्या ध्रुवांच्या मधोमध अशी तोलून धरावयाची की विश्रांतीच्या वेळी दोन्हीकडची ओढ समसमान राहावी; मग भोवतालच्या वेटोळ्यातून विजेचा प्रवाह वाहू लागताच तो तोल ढळतो, पट्टी कंप पावते, आणि एका बारीक काडीच्या द्वारा तो कंप पडद्याला जाऊन पोचतो. अत्यल्प विजेत पुरेसा आवाज निघणे हा या रचनेचा मोठा गुण असल्यामुळे, लहानशा विद्युत्‌घटावर दिवसभर चालावयाच्या श्रवणयंत्राला ती अगदी अनुरूप ठरली. ह्यू नोल्स याने १९४६ साली इलिनॉय राज्यात काढलेल्या कारखान्याने ही आर्मेचरे लहान लहान करीत अखेर काही मिलिमीटरांवर आणली आणि ज्यांना ऐकू येत नाही अशा असंख्य लोकांच्या कानांत ती बसविली.

नोल्सच्या कारखान्याचे दुसरे ऋण याहून मोलाचे आहे. तेथे १९७२ साली केमार नावाचा पुतळा तयार झाला. सरासरी प्रौढ माणसाच्या मापाचे डोके व धड, रबरी कर्णपाळ्या आणि कर्णपटलाच्या जागी ध्वनिग्राहक, असे त्याचे स्वरूप. आणि यंत्रातून बाहेर पडणारा ध्वनी प्रत्यक्ष कानाच्या पडद्यापाशी पोचतो तेव्हा कसा असतो, याचा निवाडा तो करीत असे. या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी कानाची घडण थोडी न्याहाळली पाहिजे. आपली कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची आहे. ती बाहेरच्या बाजूने उघडी असते तेव्हा २,७०० ते ३,००० हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर तिच्यात आपोआप दहापंधरा डेसिबेलांनी उचलले जातात, आणि जन्मापासून त्याचीच सवय जडल्यामुळे मेंदू त्या उठावालाच सरळ स्वर मानतो. तीच नलिका बुचाने बंद केली की हा नैसर्गिक उठाव नाहीसा होतो आणि सात-आठ हजार हर्ट्‌झच्या सुमारास, जेथे पूर्वी नव्हता तेथे, नवाच उठाव उभा राहतो. तेव्हा कानात घालावयाच्या यंत्राला काढून घेतलेले परत द्यावे लागते आणि नको ते दाबून टाकावे लागते. या क्षेत्रातील कोणत्याही कारागिराची योग्यता पारखावयाची झाल्यास ती याच एका हिशोबावर पारखावी.

हा हिशोब ज्याने प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने मांडला तो मीड किलियन हा गृहस्थ दोन दशके नोल्सच्या संस्थेत राबलेला होता. उत्तम श्रवणयंत्र संगीताच्या कसोटीला उतरेल काय, हाच त्याच्या १९७९च्या डॉक्टरेट प्रबंधाचा विषय. बहिरेपणावरील उपायाने केवळ बोलणे कळावे एवढ्यावर जग समाधानी असताना, ज्याला कमी ऐकू येते त्यालाही सतारीचा नाद सतारीसारखा ऐकण्याचा अधिकार आहे, असे जणू या प्रबंधाने बजाविले, आणि मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत उदात्त वाटतो. किलियनने १९८३ साली एटिमोटिक रिसर्च ही संस्था स्थापिली. तिने आधी श्रवणतज्ज्ञांसाठी, रोग्याच्या कानात फोमच्या बुचासह घालून श्रवणमापन करण्याची उपकरणे काढली आणि मग १९९१ साली, त्याच विद्येच्या बळावर, ईआर-४ हे यंत्र संगीतप्रेमींच्या हाती दिले. एकच आर्मेचर, तीन घेरांची रबरी टोपी, नलिकेत खोलवर शिरणारी नळी आणि तिच्यात बसविलेली सूक्ष्म जाळी: दवाखान्यातील उपकरण आणि हे यंत्र यांचे गोत्र एकच, हे पाहताक्षणीच ओळखू यावे.

सोनीने १९७९ साली वॉकमन काढला आणि १९८२च्या सुमारास कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरफोन बाजारात आणले. २००१ नंतर आयपॉडच्या पांढऱ्या तारांनी तो प्रकार घरोघर नेला. नलिका बंद न करणाऱ्या या शाखेचा आपल्या विषयाशी संबंध इतकाच की तिने खिशातल्या संगीताला गिऱ्हाईक मिळवून दिले.

दुसरा खरा प्रवाह रंगमंचावरून आला. रॉक संगीताच्या जलशात वादकांच्या पायाशी ध्वनिक्षेपक ठेवून त्यांना त्यांचेच वादन ऐकविण्याची वहिवाट होती. एकाने आवाज वाढविला की दुसऱ्याला वाढवावा लागे, आणि या चढाओढीत कित्येकांच्या कानांची कायमची हानी होई. व्हॅन हेलन या वाद्यवृंदाच्या ध्वनिव्यवस्थेचा बंदोबस्त पाहणारा जेरी हार्वी याने १९९५ साली ड्रमवादक अॅलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी दोन आर्मेचरे, एक खालच्या स्वरांसाठी व एक वरच्या स्वरांसाठी, त्याच्याच कानाच्या मापाच्या कवचात बसवून दिली, आणि त्यातून अल्टिमेट इअर्स या संस्थेचा जन्म झाला. ही कवचे कोणी ओतावी? कोलोरॅडोतील वेस्टोन या कारखान्याने, जो १९५९ पासून श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या कानांचे साचे तयार करीत आला होता. येथेही पुन्हा श्रवणयंत्र हाच मूळपुरुष भेटतो.

यापुढचा वृत्तांत संख्यावाढीचा आहे. दोनाची तीन आर्मेचरे झाली. अल्टिमेट इअर्स २००८ साली लॉजिटेकच्या ताब्यात गेली, तत्पूर्वीच हार्वीने जेएच ऑडिओ ही नवी पेढी काढली होती, आणि तिच्या रोक्सॅन या यंत्रात, २०१३ साली, प्रत्येक कानासाठी बारा आर्मेचरे होती. संख्येच्या या वाढीला मी प्रगती म्हणण्यास तयार नाही. स्वरांची वाटणी जितक्या हातांत करावी तितके सांधे वाढतात आणि सांधा जुळला नाही तर गायकाचा मध्य सप्तकातला स्वर एका हाताने व तार सप्तकातला दुसऱ्याच हाताने घडविल्यासारखा भासतो. त्यापेक्षा शूरने त्याच वर्षी काढलेल्या एसई८४६मधील कल्पकता मला अधिक आदरणीय वाटते: चारच आर्मेचरे, आणि खर्जाचा स्वर वरच्या स्वरांत मिसळून त्यांना गढूळ करू नये म्हणून पोलादाच्या पातळ पत्र्यांच्या थरांतून कोरलेली एक लांब, नागमोडी वाट. जर्मनीत सेन्‌हायझरने २०१२ साली आणलेल्या आयई ८०० ने तर उलट दिशा धरली. सात मिलिमीटरांचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे आर्मेचराविना, स्वतःला जोडलेल्या वेटोळ्यानेच हलणारा पडदा, चिनीमातीच्या जातीचे कठीण कवच, आणि बंद नलिकेत उद्भवणारा तो आगंतुक उठाव शोषून घेण्यासाठी पडद्यापुढे योजिलेले दोन कक्ष.

ईआर-४, एसई८४६ आणि आयई ८०० या तिन्ही यंत्रांची पारख करावयाची तर मी पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडे न वळता तंबोरा, तबला व कंठ एवढ्याच साहित्याच्या ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाकडे वळतो, कारण त्यात लपण्यास जागा नसते. मिरजेच्या कारागिराने घोडी घासून व तारेखाली सुती दोरा सरकवून जी जवारी साधलेली असते, तिच्यातील उपस्वरांची वर चढत जाणारी माळ ईआर-४ मध्ये मणी मणी सुटा दिसावा अशी ऐकू येते. खर्जाच्या तारेतून डोकावणारा गंधार अन्यत्र क्वचितच इतका स्पष्ट भेटतो. परंतु डग्ग्यावर मनगट घासून काढलेली घुमक तेथे कळते, जाणवत नाही. आयई ८०० मध्ये ती घुमक छातीशी येऊन भिडते, हवेचा दाब पालटल्याचा प्रत्यय येतो, आणि त्याची किंमत म्हणून जवारीवर किंचित झिलई चढते. एसई८४६ दोहोंच्या मध्ये उभे आहे. त्याचा खर्ज शिस्तीचा आणि कंठ जवळचा आहे, पण तंबोऱ्याच्या वरच्या झणत्कारात मला थोडी कसर वाटते. शॉन ऑलिव्ह व त्याच्या सहकाऱ्यांनी हारमन कंपनीत केलेल्या प्रयोगांत बहुसंख्य श्रोत्यांनी ईआर-४ च्या घडणीत आहे त्याहून अधिक खर्ज पसंत केला हे मला माहीत आहे. तरीही ख्यालासाठी माझा कौल ईआर-४ लाच राहील.

मात्र हा कौल माझ्या कानापुरता आहे, आणि तसा तो का आहे याचे कारण सांगितले पाहिजे. बंद नलिकेतील आगंतुक उठाव नेमका कोणत्या स्वरावर पडेल हे यंत्र किती खोल बसले यावर ठरते. टोपी आणि त्वचा यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खर्ज ओसरतो. एकच यंत्र एकाला कर्कश आणि दुसऱ्याला मधुर वाटते, तेव्हा बहुधा दोघेही सत्यच बोलत असतात. म्हणून नवा मालक पहिले काही आठवडे संगीत ऐकण्याऐवजी टोप्या बदलण्यात घालवितो. मोठी, मधली, लहान, सिलिकोनची, फोमची, अशी ती परीक्षा चालते, आणि फोमची टोपी उत्तम बसली तर ती थोड्या महिन्यांत झिजून जाते. ईआर-४ च्या नळीतील जाळी कानातील मळापासून आर्मेचरचे रक्षण करते, पण ती आवाजाची घडणही ठरविते. ती तुंबली की वरचे स्वर मंदावतात आणि ज्याला हे ठाऊक नाही तो यंत्रालाच दोष देतो. मुंबईच्या दमट हवेत नळ्यांत बाष्प धरते, म्हणून वापरून झाल्यावर यंत्र शोषक पुडीसह डबीत ठेवणे, जाळी वेळेवर बदलणे, टोपी पुसणे, हा सारा जाबता श्रवणयंत्र वापरणाऱ्या आजोबांच्या नित्यक्रमाहून रेसभरही वेगळा नाही. नवख्या मालकाला हे कोणी आधी सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण एवढे कळले असते तर कितीतरी चांगली यंत्रे अकाली टाकून दिली गेली नसती.

स्वतःच्या मापाचे यंत्र घडवू इच्छिणाऱ्याचा मार्ग तर थेट श्रवणतज्ज्ञाच्या दारातूनच जातो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली, म्हणजे एटिमोटिकच्या जन्मवर्षीच, स्थापन झाली. अशा संस्थांतून शिकलेले तज्ज्ञ श्रवणयंत्रासाठी कानाचा ठसा घेतात आणि हाच ठसा संगीताच्या यंत्रालाही चालतो. आधी कानाच्या पडद्याच्या रक्षणासाठी नलिकेत एक छोटा बोळा सरकवतात, मग मऊ सिलिकोन भरतात आणि ते घट्ट होईतो दातांत ठोकळा धरून तोंड उघडे ठेवावयास लावतात, कारण जबडा हलला की नलिकेचा आकार पालटतो आणि मिटल्या तोंडाने घेतलेल्या ठशाचे कवच गाणाऱ्याच्या कानात फट पाडते. असे यंत्र उत्तम बसते, बाहेरचा कोलाहल अडविते, त्यामुळे आवाज कमी ठेवूनही सारे ऐकू येते. पण त्याची मालकी चमत्कारिक आहे. ते उसने देता येत नाही, सहज विकता येत नाही, मुलाच्या नावावर करून उपयोग नाही. शिवाय कानाची कूर्चा वयोमानाने सैल पडत जाते आणि काही वर्षांनी तेच कवच ढिले होते. अशा वेळी काही कारखाने जुन्या कवचातील आर्मेचरे काढून नव्याने ओतलेल्या कवचात बसवून देतात. त्यासाठी मालकाला पुन्हा त्या तज्ज्ञाकडे जाऊन, दातांत ठोकळा धरून, नवा ठसा द्यावा लागतो.