सांध्यातील दोष

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचा नवा अग्निबाण, एरियन ५, प्रथमच आकाशात झेपावला. सुमारे चाळीस सेकंद झाली असतील नसतील, तोच तो वाकडा वळला आणि चार उपग्रहांसह त्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या समितीने दीड महिन्यात कारण शोधून काढले. दिशा दाखविणाऱ्या उपकरणातील आज्ञावली जुन्या एरियन ४ वरून घेतलेली होती. तेथे ती निर्दोष चालली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र फार लवकर वाढत असे. त्या वेगाशी निगडित आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना, कारण तेथे ३२,७६७ हून मोठी संख्या बसत नाही. उपकरण बंद पडले. राखीव उपकरणातही तीच आज्ञावली असल्याने तेही क्षणभर आधी तसेच बंद पडले होते. विशेष हे, की उड्डाणानंतर त्या गणिताची गरजच नव्हती!

सुताराने चौकट उत्तम करावी, गवंड्याने भिंत उत्तम बांधावी, आणि चौकट भिंतीत बसू नये, तसा हा प्रकार. दोष सांध्यात होता.

यंत्राच्या पोटात दडलेल्या संगणकांचे असे सांधे आधीच तपासता येतील काय? या प्रश्नाचा विचार अमेरिकेत त्यापूर्वीच सुरू झाला होता. हनीवेल कंपनीत १९९० नंतरच्या वर्षांत मेटाएच ही भाषा सिद्ध झाली. तिच्याच पायावर उभी राहिलेली एएडीएल ही भाषा २००४ साली एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. कोणते काम कोणत्या संगणकावर, किती वेळाने आणि किती मुदतीत व्हावे, कोणती माहिती कोठून कोठे जावी, हे सारे या भाषेत यंत्र घडविण्यापूर्वीच लिहिता येते. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेने तयार केलेले ओसाटे हे साधन तो आराखडा वाचून त्यातील विसंगती दाखविते. फ्रान्समध्ये ब्रेस्ट विद्यापीठाचे चेडर कामांच्या मुदतींचा हिशेब करते. थालेस कंपनीनेही आपले कॅपेला हे साधन २०१४ साली सर्वांस खुले केले.

ही साधने खुली का असावीत? विमान किंवा अग्निबाण एकाच कारखान्यात तयार होत नाही. अनेकांनी घडविलेले भाग जुळवायचे, तर आराखडा प्रत्येकास वाचता आला पाहिजे. आणि तपासणाऱ्या साधनाचीही तपासणी करण्याची मुभा हवी.

तथापि, साधन सर्वज्ञ नव्हे. एरियन ५ चा उड्डाणमार्ग त्या उपकरणाच्या अपेक्षांत कोणी लिहिलाच नव्हता. जे लिहिले नाही, त्याविषयी उत्तमातले उत्तम साधनही मौनच पाळील. आपण काय गृहीत धरले आहे हे कागदावर उतरविण्याचे काम शेवटी माणसाचेच आहे.