कुंकवाला परवाना

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड या गावाची जुनी ओळख कस्तुरीची. तिथल्या ‘कस्तुरीच्या हवेली’ची आख्यायिका आसपास सर्वांना ठाऊक आहे. उंटांवर कस्तुरी लादून दूरदेशीचा एक व्यापारी गावात आला. एवढा माल एकरकमी घेणारा कोणी मिळेना. तेव्हा घर बांधत असलेल्या एका जैन सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि भिंतींच्या गाऱ्यात मिसळून टाकली. व्यापाऱ्याने अकबराच्या नाण्यांत किंमत मागितली, तीही चुकती केली. गोष्ट किती खरी, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला तिच्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. त्यात माल किती, भाव काय आणि नाणे कोणते, एवढेच विचारले जाते. या सुगंधी द्रव्यात काय मिसळले आहे, ते अंगाला बाधेल का, असे कोणी विचारत नाही. सौंदर्यप्रसाधनांचा व्यापार जगभर शतकानुशतके असाच चालला. प्रसाधनाच्या डबीवर सरकारचा हात पडला, तो विसाव्या शतकात.

आज या मुलखातून जगाकडे जाण्याजोगे द्रव्य म्हणजे हळद. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सोयाबीन आणि तुरीच्या जोडीला हळद आली. शेजारच्या हिंगोलीसारखी रिसोडकडेही हळकुंडांची आवक होते. हीच हळद मसाला म्हणून परदेशी गेली, तर तिची वाट सरळ आहे. तिचे कुंकू करून पाठवले, तर ती प्रसाधन ठरते आणि तिच्यापुढे वेगळाच दरवाजा उभा राहतो. तो दरवाजा कशाने उघडतो आणि कशाने उघडत नाही, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

आधी कुंकू म्हणजे काय ते पाहू. जुन्या रीतीत हळकुंडांना लिंबाचा रस आणि सवागी, म्हणजे टाकणखार, यांचा संस्कार करतात. ती वाळली की लाल होतात, मग कुटून वस्त्रगाळ करतात. पिवळ्याचे लाल होते ते हळदीतल्या कर्क्युमिन या रंगद्रव्यामुळे. आम्लाच्या सान्निध्यात ते टाकणखारातल्या बोरॉनशी जोडले जाते आणि लाल संयुग तयार होते. रसायनशाळेत बोरिक आम्ल ओळखायला हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद वापरतात, त्यामागे हीच क्रिया आहे. आपल्या कुंकवाच्या कारागिरांना ती पोटापाण्याचा धंदा म्हणून माहीत होती.

आता अमेरिकेचा दरवाजा. तिथे १९३०च्या दशकात पापण्या रंगवण्याच्या ‘लॅश लूर’ नावाच्या प्रसाधनाने स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या, दृष्टीही गेली. त्या वेळच्या कायद्यात प्रसाधने येतच नव्हती. १९३८च्या नव्या कायद्याने ती आली. १९६०च्या दुरुस्तीने रंगांचा नियम आणखी कडक केला: प्रसाधनात घालायचा रंग आधी सरकारी यादीत हवा, मग तो डांबरापासून काढलेला असो की झाडापासून. तिथे क्रीम किंवा पावडर विकण्यापूर्वी मालाला सरकारी मंजुरी लागत नाही, रंगाला मात्र लागते. हळद या यादीत आहे, पण अन्नाचा रंग म्हणून. प्रसाधनांच्या यादीत ती नाही. म्हणजे हळद पोटात गेलेली चालते, कपाळावर रंग म्हणून लावलेली चालत नाही. मेंदीचेही असेच आहे. केस रंगवायला तिला परवानगी आहे, तळहात रंगवायला नाही. यादीबाहेरचा रंग असलेला माल बंदरावर प्रत्यक्ष तपासणी न करताही अडवता येतो. म्हणून तिकडच्या दुकानांत अशा पुड्यांवर ‘केवळ पूजेसाठी’ असे छापलेले आढळते. पुडी देवघरात राहिली तर ती पूजाद्रव्य, कपाळाला लावायची म्हणून विकली तर प्रसाधन.

युरोपात कुलूप दुसऱ्या जागी आहे. युरोपीय संघाचा २००९चा प्रसाधन-नियम ११ जुलै २०१३पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार प्रत्येक मालासाठी संघातच राहणारी जबाबदार व्यक्ती किंवा संस्था लागते, तज्ज्ञाने केलेला सुरक्षितता-अहवाल लागतो आणि विक्रीपूर्वी नोंद करावी लागते. रंगांच्या यादीत कर्क्युमिन आहे, ठरावीक शुद्धतेच्या अटीवर. परंतु प्रजननक्षमतेला घातक ठरवलेल्या द्रव्यांत बोरिक आम्ल आणि टाकणखार येतात, आणि २०१९मध्ये त्यांना प्रसाधनांच्या निषिद्ध यादीत टाकले गेले. एकच कुंकू अमेरिकेत हळदीपायी अडते आणि युरोपात टाकणखारापायी.

यावर आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: हजारो वर्षे आम्ही हे लावत आलो, आणखी पुरावा कसला? या उत्तराला एकदा मोठे यश मिळाले होते, म्हणून ते चटकन ओठांवर येते. मार्च १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकी पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला १९९६मध्ये आव्हान दिले. जुने ग्रंथ पुढे ठेवले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३चा लेख ठेवला. १९९७मध्ये पेटंट कार्यालयाने आपला निर्णय फिरवला. आजीच्या बटव्यातले ज्ञान परदेशी कचेरीत पुरावा म्हणून उभे राहिले, याचा आनंद रास्तच होता.

पण त्या कचेरीचा प्रश्न वेगळा होता. हे नवे आहे का, असे तिने विचारले, आणि त्याला आपले जुनेपण हेच चोख उत्तर होते. रंगांना मंजुरी देणारी कचेरी विचारते: हे निर्धोक आहे का, कोणत्या प्रमाणात, आणि दर खेपेला तेच असेल याची हमी काय? या प्रश्नाला जुनेपण उत्तर देत नाही. ते का देत नाही, याचा दाखला आपल्याच घरात आहे.

हळदीच्या कुंकवाशेजारी बाजारात शेंदूर असतो. शेंदूर म्हणजे बहुधा शिशाची लाल भस्मे, आणि तोही तितकाच जुना. २०१७मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदूराचे ११८ नमुने तपासले. त्यांतले ९५ न्यू जर्सीतल्या दुकानांतले होते, २३ मुंबई आणि दिल्लीतले. दर ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडणारे शिसे अमेरिकेतल्या १९ टक्के नमुन्यांत सापडले आणि भारतातल्या ४३ टक्के नमुन्यांत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. आईच्या भांगातून ते तिच्या बोटांवर येते आणि तिथून मुलाच्या तोंडात जाते. नियमाचे म्हणाल, तर भारतातही प्रसाधनांच्या रंगासाठी शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत २० भाग, म्हणजे तीच आहे. १९४०च्या औषध कायद्यात १९६२च्या दुरुस्तीने प्रसाधने आली, आणि रंगासाठी शिशाची संयुगे वापरायला बंदीही आहे. फरक कागदात नाही, तपासणीत आहे.

म्हणून परदेशी परवान्याच्या अडचणीकडे मी निव्वळ अन्याय म्हणून पाहत नाही. अडचण खरी आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२च्या कायद्यानंतर कारखान्याची नोंदणी, मालाची यादी आणि परदेशी उत्पादकाला तिथला प्रतिनिधी या गोष्टी आल्या. हळदीला प्रसाधनांच्या यादीत घालायचे, तर कोणीतरी रीतसर अर्ज करून विषारीपणाच्या चाचण्या मांडल्या पाहिजेत. त्याचा खर्च एकाने सोसायचा आणि नाव यादीत आले की तो रंग सगळ्यांना खुला. असा खर्च एकटा व्यापारी करणार नाही, बचत गटातल्या बायांना तर तो झेपणारच नाही. पेटंटच्या लढाईसारखेच हेही सार्वजनिक संस्थेने अंगावर घ्यावे असे काम आहे. परीक्षा मात्र या वेळी ग्रंथांची नाही, खुद्द कुंकवाची आहे.

त्याची सुरुवात अर्जाच्या कितीतरी आधी, इथेच होऊ शकते. पुडीतले लाल हळदीचे की दुसऱ्या कशाचे, त्यात टाकणखार किती उरला आणि शिसे किती, ही तीन उत्तरे पुडीवर छापली, तर परदेशचा दरवाजा लगेच उघडेल असे नाही. पण रिसोडच्या बाजारात पुडी घेणाऱ्या बाईला ती उत्तरे आधी मिळतील. तिचा हक्क न्यू जर्सीतल्या बाईइतकाच आहे.