चित्रकथीच्या पोथीपासून बाळाच्या पुस्तकापर्यंत

मूल अक्षर ओळखण्यापूर्वीं चित्र ओळखतें, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती निराळी सांगण्याचें प्रयोजन नसावें. परंतु मराठी बालवाङ्मयाचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे असें आढळतें कीं, छापखाना आल्यावर पुढें दीर्घकाळ नेमकी हीच गोष्ट आपल्या विस्मरणांत गेली होती.

वस्तुतः चित्र दाखवून कथा सांगणें ही आपली जुनी विद्या. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत चित्रकथकाचा उल्लेख आहे. आणि त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, लातूर जिल्ह्याला लागूनच असलेल्या बीदर जिल्ह्यांत आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी येथें ठाकर मंडळींनीं ही कला अद्याप जतन केली आहे. चित्रकथी एकेक पान श्रोत्यांपुढें धरतो आणि कथा आपल्या तोंडानें सांगतो. श्रोता निरक्षर असला तरी कांहीं अडत नाहीं. युरोपांत कोमेनियसनें १६५८ सालीं मुलांसाठीं सचित्र पुस्तक काढलें. त्याचेंही सूत्र हेंच कीं, आधीं वस्तु डोळ्यांपुढें यावी व मग तिचें नांव कानीं पडावें.

आपल्याकडील मुद्रित बालवाङ्मयाचा ओघ मात्र शाळेच्या दारांतून आला. मुंबईस १८२२ सालीं शाळापुस्तकें तयार करविणारी मंडळी स्थापन झाली. १८२८ मध्यें सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ व इसापच्या नीतिकथा प्रसिद्ध झाल्या. पुढें विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ १८८१ सालीं, व वासुदेव गोविंद आपटे यांचें ‘आनंद’ १९०६ सालीं निघालें. या थोर मंडळींचें ऋण मोठें आहे. तथापि त्यांचा वाचक वाचतां येणारा होता. दोन वर्षांचें मूल त्यांच्या हिशेबांत नव्हतें. त्याची व्यवस्था आजीच्या गोष्टीकडे व आईच्या अंगाईकडे सोंपविलेली होती.

हा हिशेब बदलण्याचें श्रेय गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांना मोठ्या प्रमाणांत द्यावें लागेल. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र उघडलें, आणि शंख, शिंपले, पानें, बिया यांनाच शिक्षणाचें साहित्य केलें. शाळेपूर्वींच्या मुलासही स्वतःचें मन असतें, हा विचार यांतून रुजला. पुढें सोव्हिएत रशियांतून आलेलीं स्वस्त रंगीत मराठी पुस्तकें व नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला यांनीं चित्राला पानावर मानाचें स्थान दिलें. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्यें तर घरांतलीं माणसेंच चिमुकल्या वाचकाला भेटतात. २०१४ सालीं त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

मराठवाड्याला या इतिहासांत आणखी एक अनुभव जोडावा लागतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभार उर्दूंत चाले, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच. घरची भाषा एक व विद्येची भाषा दुसरी, ही ओढाताण आमच्या वाडवडिलांनीं सोसली. आज ती कोणी लादीत नाहीं. आपण होऊन ओढवून घेतों. परीक्षेच्या तयारीसाठीं ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला, आणि ती घाई आतां पाळण्यापर्यंत पोंचूं पाहते. बाळाचें पहिलें पुस्तक म्हणून इंग्रजी मुळाक्षरांचें पुस्तक आणावयाचें, व त्यांतील बर्फाचें घर त्याच्याकडून घोकून घ्यावयाचें! यांत पालकांची हेटाळणी करण्याचें कारण नाहीं. दुष्काळी मुलखांत कित्येक घरांना परीक्षेनेंच वर काढलें आहे. पण तुरीचें शेत, बाभूळ, दारची म्हैस हीं पुस्तकांत कधींच न भेटल्यास, पुस्तक ही परक्यांची वस्तु आहे, असा ग्रह त्या कोवळ्या मनाचा झाला तर नवल काय?

मग निवड कशी करावी? माझ्या मतें चित्रकथीचीच कसोटी लावावी. पुस्तक उघडून, त्यांतील एक अक्षरही न वाचतां, आपल्या घरच्या बोलींत त्या चित्रावर चार वाक्यें बोलतां येतात काय, तें पाहावें. अगदीं तान्ह्यासाठीं पानावर एखादीच ठळक वस्तु पुरे, आणि पान चघळणें सोसेल इतकें जाड असावें. थोड्या मोठ्यासाठीं चित्रांत कांहीं घडत असावें, म्हणजे ‘हा कुठं चालला?’ असें मूल आपणांस विचारील. ओळखीच्या वस्तूंबरोबर समुद्र, उंट, बर्फ हींही असावींत. अनोळखी जगाची गोडी ओळखीच्या माणसाच्या मांडीवर बसूनच लागते. आणि तेंच पुस्तक मुलानें दहाव्यांदा पुढें केलें, तर आपली निवड चुकली नाहीं असें खुशाल समजावें व अकराव्यांदा गोष्ट सांगावयास बसावें.